उद्यानातल्या तळ्याला काँक्रीटची भिंत हवी का?

भांडुपकर: आमच्या उद्यानाचं सुशोभीकरण होणार आहे. तळ्याभोवती उभी काँक्रीटची भिंत, टाइल्स आणि रात्रभर दिवे. माझा ठाम विरोध आहे, तसा अर्ज लिहितोय, सह्या हव्यात. मोठा पाऊस पडला की इथे बुलफ्रॉगचे, म्हणजे मोठ्या बेडकांचे, नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, पिल्लं त्यातून थेट पाण्यात पडतात. झुडपं छाटली की घरटं होणार कुठे? आणि शेपूट पुरती न जिरलेलं बुलफ्रॉगचं पिल्लू उभी भिंत चढणार कसं?

सोसायटीवाला: साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यूचे पेशंट झालेत. साचलेलं पाणी म्हणजे डास. बेडकांमागे साप येणार, तिथे लहान मुलं खेळतात. आधी माणसं.

भांडुपकर: डेंग्यू मलाही नकोच आहे. पण त्याचा डास मुख्यतः कुंडीखालच्या बशीत, पिंपात, गच्चीवरच्या टायरात वाढतो. मलेरियाचा आपल्याकडचा डास उघड्या टाक्यांत. जिवंत तळ्यात चतुराच्या अळ्या असतात, त्या डासांच्या अळ्या खातात. तळं मेलं की हा पहारा जातो.

बोरिवली_ताई: बोरिवलीचं नॅशनल पार्क शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं आहे, बेडकांना तिथे राहू द्या ना! चिखलात ज्येष्ठ घसरतात, त्यांचंही बघा.

भांडुपकर: ताई, आपल्या तळ्यातला बेडूक एलबीएस रोडसारखा वाहता रस्ता ओलांडून तिथे पोहोचणार नाही. माहीमचं निसर्ग उद्यान तर कचराभूमीवर उभं राहिलंय. शहरात जागा करता येते. ज्येष्ठांसाठी एका बाजूला पक्की वाट करा, उरलेला काठ मातीचा, उताराचा ठेवा.

सोसायटीवाला: उतार चालेल, मुलांसाठी कुंपण असलं की झालं. पण डासांची फवारणी थांबवायच्या अर्जावर मी सही करणार नाही.

भांडुपकर: थांबवा असं म्हणतच नाही. तळ्यात औषध टाकण्याआधी ओगराळ्याने पाणी काढून अळ्या आहेत का बघा, एवढंच. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाण्यातलं औषध थेट अंगात जातं. डासांसाठी सोडतात ते गप्पी मासेही इथे सोडू नयेत, ते बेडकाची अंडी आणि पिल्लं खातात. अर्जात उताराचा काठ, औषधाआधी तपासणी, गप्पी नकोत हे तीन मुद्दे आणि रात्री दहानंतर दिवे बंद, असं लिहितोय.

सोसायटीवाला: दिवे बंद नकोत, बायका उशिरा त्या वाटेने येतात. वाटेवरचे राहू द्या, तळ्यावरचे काढा. मग सही देतो.