मोटार रॅली टीमची प्रसिद्धी आणि कार्यक्रम : बेळगावातून सुरुवात कशी करायची?

उद्यमबाग_वर्कशॉप
नमस्कार मंडळी. दोन गाड्यांची टीम, वर्कशॉप उद्यमबागेत. पुढच्या सीझनला चिक्कमगळूरच्या बाजूला स्टेज रॅलीत (बंद रस्त्याच्या टप्प्यांवर, म्हणजे स्टेजवर, वेळ लावून गाड्या सोडतात ती स्पर्धा) उतरायचं ठरलंय आणि प्रसिद्धी, पाहुणे, कार्यक्रम हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय. निघण्याआधी बेळगावात गाड्या लोकांना दाखवायच्या, पाहुण्यांच्या हस्ते झेंडा, शहरातून एक फेरी. रॅलीच्या दिवसांत इकडच्या पेपरांना रोज बातमी आणि स्पॉन्सरचे आठ-दहा जण सर्व्हिस पार्कात (स्टेजच्या मधे गाड्यांची दुरुस्ती होते ती जागा). तयारी किती दिवस आधी धरायची? परवानग्या कुठल्या? बातमी मराठीत की कन्नडमध्ये? ड्रोनवाला पण हुडकून ठेवलाय.

किल्ला_तलाव
अर्जात नुसता ‘रॅली’ शब्द लिहू नका. आपल्या भागात रॅली म्हणजे मोर्चा. सीमाभागातला अर्ज, त्यावर रॅली, वर तारीख १ नोव्हेंबरच्या आसपासची, म्हणजे तो कागद कुठल्या टेबलावर जाईल ते तुम्हीच ओळखा. ‘मोटार क्रीडा स्पर्धेतील वाहनांचे प्रदर्शन, वाहने स्थिर, इंजिन बंद’ असं लिहा. सोबत जागेचा नकाशा, गाड्यांची संख्या, अंदाजे गर्दी, सुरू-बंद होण्याची वेळ आणि जबाबदार दोन माणसांचे फोन. शहरात असेल तर पोलीस आयुक्तालय, बाहेर तालुक्यात असेल तर जिल्हा पोलीस. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची वेगळी.

शहरातून फेरी विसरा ओ. दारावर नंबर, आत रोलकेज (लोखंडी नळ्यांचा पिंजरा), सायलेन्सरचा तो आवाज. अशी गाडी कॉलेज रोडवर आली की पोरं दुचाक्या घेऊन मागे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. तुम्ही २० च्या स्पीडने चालवाल, पण मागच्या पोरांचा व्हिडिओ तुमच्या नावावर फिरेल. गाड्या ट्रकवर चढवूनच न्या. चढवतानाचा फोटो झेंड्याच्या फोटोपेक्षा चांगला येतो.

तारीख धरताना १ नोव्हेंबर सोडा. त्या दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सवही असतो आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिनही. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असलं की लॉज मिळत नाहीत आणि बंदोबस्ताला पोलीसही उरत नाहीत. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा आठवडाही नको. ४५ दिवस आधी सुरू करा. बॅनरवर कन्नड वरच्या बाजूला आणि मोठ्या अक्षरात, खाली मराठी. हे छपाईला देण्याआधी ठरवा. कार्यक्रमाच्या सकाळी बॅनर उतरवायची वेळ येते ती इथंच.

पाहुण्यांची वेळ पत्रिकेत १० ची, पण ट्रक १२ ला निघणारच असं त्यांच्या पीएला सांगून ठेवा. चिक्कमगळूर चारशेच्या आसपास किलोमीटर, गाडी लादलेला ट्रक रात्रीपर्यंत पोचतो. दुसऱ्या दिवशी गाड्यांची तपासणी असते आणि तिची वेळ कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही. पाहुणे आले नाहीत तर झेंडा हेड मेकॅनिकच्या हातात द्या.

निपाणी_नाका
बातमीचं सांगतो. मराठीत की कन्नडमध्ये हा प्रश्नच नाही, दोन्हीत. पण एकाचं भाषांतर करून दुसरं नको. ‘तरुण भारत’, ‘पुढारी’च्या वाचकाला चालक कुठल्या गल्लीतला, हे आधी पाहिजे, ‘विजय कर्नाटक’, ‘प्रजावाणी’ला राज्यातल्या स्पर्धेत जिल्ह्याची टीम हे आधी. २०० ते २५० शब्द, त्याहून मोठं पाठवलं तर डेस्कवर कापतात आणि नेमका सहचालक कापला जातो. म्हणून सहचालकाचं नाव पहिल्याच वाक्यात, चालकाच्या शेजारी. पेस नोट्स (पुढच्या वळणांची टिपणं) वाचून गाडी पुढं नेणारा तोच, आणि पेपरात ‘सोबत बसलेला मित्र’ म्हणून येतो! आडनावं कन्नड लिपीत कशी लिहायची ते ज्याचं त्याच्याकडून एकदा लिहून घ्या.

पहिल्या बातमीत एका ओळीत समजावून सांगा: रस्ता बंद करून एकेक गाडी वेळ लावून सोडतात, सगळ्या गाड्या एकदम धावत नाहीत. नाहीतर ‘शर्यतीत ४० गाड्यांना मागे टाकले’ असं छापून येतं.

निकालात सगळ्यात मोठी चूक होते. गटात पहिला आणि एकूणात पहिला यात फरक आहे, शीर्षकातच गट लिहा. आधी लागतो तो तात्पुरता निकाल. त्यानंतर हरकतीसाठी साधारण ३० मिनिटं असतात, शिवाय गाड्यांची शेवटची तपासणी. त्याआधी ‘विजेते’ पाठवलं आणि तपासणीत गाडी बाद झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला कुणी जागा देत नाही. संध्याकाळी घाई असेल तर ‘तात्पुरत्या निकालानुसार’ हे दोन शब्द घाला आणि ७ च्या आत पाठवा.

फोटो दोनच: एक धावत्या गाडीचा, नंबर स्पष्ट दिसणारा, एक दोघांचा, हेल्मेट काढून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो आणि छापल्यावर चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात गाडी नंबर आणि तारीख.

टाइम_कंट्रोल
सर्व्हिस पार्कात पाहुणे आणायचे तर वेळापत्रक पाठ पाहिजे. मधली सर्व्हिस समजा ३० मिनिटांची. गाडी आत येते, चार जॅकवर उचलतात, चाकं निघतात. पहिली १५ मिनिटं दोरीच्या आत कुणी नाही, स्पॉन्सरसुद्धा नाही. गाडी खाली आली, बोनेट बंद झालं की ५ मिनिटं फोटो. शेवटच्या १० मिनिटांत चालकाला एकटं सोडा. बाहेरच्या टाइम कंट्रोलला (वेळ नोंदवायच्या चौकीवर) ठरल्या मिनिटालाच नोंद व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत उशिराच्या दर मिनिटाला १० सेकंद आणि लवकर गेल्यास दर मिनिटाला १ मिनिट दंड. एका सेल्फीचा भाव तेवढा! पार्क फर्मेत (आयोजकांच्या ताब्यातल्या बंद आवारात) गाडी गेली की फोटो संपले, तिथं टीमलाही हात लावता येत नाही.

स्टेजवर जाणारा छायाचित्रकार रस्ता बंद व्हायच्या आत जागेवर हवा आणि शेवटची स्वीपर गाडी (सगळ्या स्पर्धकांच्या मागून येणारी आयोजकांची गाडी) जाईपर्यंत तिथंच. एक माणूस, एक स्टेज. मीडियाचं जॅकेट आयोजक देतात, टीम देत नाही. त्याचा अर्ज मुदतीत करा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि उतारावर खाली उभं राहायचं नाही, जॅकेट असलं तरी. गाड्या १-२ मिनिटांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे तुमची आली नाही हे लगेच कळतं. तेव्हा काय करायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा: रॅली मुख्यालय किंवा लाल जॅकेटमधला स्पर्धक संपर्क अधिकारी यांनाच विचारायचं, आधी घरच्यांना फोन, मग टीमच्या ग्रुपवर एक ओळ, पेपरला सगळ्यात शेवटी. गाडीत एका बाजूला लाल एसओएस आणि दुसऱ्या बाजूला हिरवा ओके लिहिलेला फलक असतो. पाठून येणाऱ्याला ओके दाखवला एवढं कळलं तरी निम्मी अफवा थांबते. उलटलेल्या गाडीचा फोटो कुणाच्याही स्टेटसला जाता कामा नये. २०१९ मध्ये जोधपूरच्या राष्ट्रीय रॅलीत बंद रस्त्यावर दुचाकी आली आणि एकाच घरातल्या तिघांचा जीव गेला. अशा दिवशी टीमतर्फे एकच माणूस बोलतो, आणि वेग, वेळ, चूक कुणाची यातलं काहीही बोलत नाही.

उद्यमबाग_वर्कशॉप
फेरी रद्द. धन्यवाद सगळ्यांना. ड्रोनचं काय? आणि टेस्टिंगचे फोटो जांबोटी-कणकुंबीकडे काढावेत म्हणतोय, हिरवळ चांगली असते.

किल्ला_तलाव
हिरवळ आहे, पण बाजूला भीमगड अभयारण्य. वनखात्याला विचारल्याशिवाय गाडी रस्त्याच्या खाली घालू नका. पावसाळ्यात कॅमेरा कोरडा राहत नाही आणि नेटवर्क जांबोटीपासूनच जायला लागतं, फोटो खानापूरला येऊनच जातील.

ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर नकाशा बघा. सांबरा विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचा विचार नको, आणि शहराच्या मधोमध लष्कराचा कॅम्प आहे. ग्रीन झोनमध्येही (नकाशावरचा मोकळीक असलेला हिरवा भाग) वरची मर्यादा ४०० फूट. चिक्कमगळूरला स्टेजवर तर आयोजकांच्या लेखी होकाराशिवाय ड्रोन पेटीतच ठेवायचा.

निपाणी_नाका
फोटो निपाणी-चिक्कोडीकडे काढणार असाल तर ऊस सुरू व्हायच्या आधी काढा. गाळप लागलं की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि तुमच्या ट्रकला संकेश्वरपर्यंत ओव्हरटेक मिळत नाही. स्टिकर मात्र फोटोच्या आधी लावून घ्या. आयोजकांच्या सक्तीच्या जाहिरातींची जागा नियमावलीत दिलेली असते, ती रिकामी ठेवूनच स्पॉन्सरचा लोगो बसवा. नाहीतर तपासणीच्या दिवशी त्यांचाच लोगो खरवडावा लागतो, तोही त्यांच्या पाहुण्यांसमोर.