मदत हवी आहे: टँकमध्ये शेवाळ, कोणता मासा आणू?

घाईत_आहे: फिश टँकमध्ये भयंकर शेवाळ झालंय. काच पुसली की दोन-चार दिवसांत पुन्हा तेच. शेवाळ खाणारा मासा हवाय, बाकीच्यांना त्रास न देणारा. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जातोय. दुकानदार म्हणतो सकर घ्या, मित्र म्हणतो नको. केमिकलचे सल्ले नकोत, फक्त मासा सांगा. लवकर.

जलचर: टँक केवढा? मासे कोणते? शेवाळ कसलं? लाइट किती तास? काहीच न सांगता मासा विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी सांगा" म्हणण्यासारखं आहे.

कुर्ल्याचा_भाऊ: सकर घ्या बिनधास्त. माझ्याकडे कैक वर्षं आहे. काच चकाचक.

मीनल_पुणे: भाऊ, साधा सकर फूट-दीड फूट वाढतो. लहानपणी काच चाटतो, मोठा झाला की खाद्याची वाट बघत तळाशी पडून राहतो. घाण इतकी करतो की शेवाळाला आयतं खत. मग लोक नदीत सोडून मोकळे. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हेच येतात, काट्यांत अडकून जाळी फाटतात ती वेगळीच.

कुर्ल्याचा_भाऊ: माझा टँक पाच फुटी आहे. आणि मी कुठेही काही सोडलेलं नाही.

मीनल_पुणे: पाच फुटी हे आधी सांगायचं ना!

घाईत_आहे: अहो माझं राहिलं बाजूला. टँक नेहमीचाच, दोन फुटी. मासेही नेहमीचेच: एंजल, गप्पी, गोल्डफिशची जोडी. शेवाळ शेवाळाच्याच रंगाचं.

वास्तुमित्र: टँक ईशान्येला आहे का? आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवा. शेवाळ हे अडकलेल्या पैशाचं लक्षण.

जलचर: वास्तुमित्र, पैसा अडकलाय तो टँकवाल्याच्या गल्ल्यात. असो. दोन बाय एक बाय एक धरला तर रेती वजा जाता पन्नासेक लिटर पाणी. त्यात गोल्डफिशची जोडी हीच गर्दी. शिवाय गोल्डफिश थंड पाण्याचा, एंजलला २५-२६ अंश लागतात. आणि एंजल मोठा झाला की गप्पीची पिल्लं म्हणजे त्याचा नाश्ता.

घाईत_आहे: ते मी विचारलंच नाही.

सह्याद्रीतला: परदेशी मासे कशाला? आपला मल्या आहे ना, ओढ्यातल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा. गारा मुल्या. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्येच त्याचं वर्णन केलंय.

जलचर: मासा छान, पण त्याला धावतं पाणी लागतं. झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडेल. आणि ओढ्यातून उचलून आणायचा सल्ला तर देऊच नका.

मीनल_पुणे: मी ओटो सुचवेन. ओटोसिंक्लस, दीड-दोन इंच, कुणाच्या वाटेला जात नाही. पाच-सहा एकत्र हवेत. दुकानात पोट खपाटीला गेलेले असतील तर घेऊ नका, ते उपाशीच आलेले असतात. टँक जुना हवा, नव्यात टिकत नाहीत. किंवा ब्रिसलनोज, पाच इंचांच्या पुढे सहसा जात नाही. त्याला कुरतडायला ड्रिफ्टवुड, म्हणजे टँकमध्ये ठेवायचं लाकूड, द्या, आणि शेवाळ संपलं की काकडीची चकती गरम पाण्यातून काढून काट्याला टोचून तळाशी ठेवा.

कोकणी_कोळंबी: अमानो श्रिंप! जगात दुसरं काही नको.

मीनल_पुणे: एंजल आहेत हो टँकमध्ये. कोळंबी दिसली की फडशा.

जलचर: माझा प्रश्न तसाच आहे. टँक कधी मांडला? ऊन येतं का? आणि बोट फिरवून बघा, कसं निघतं?

घाईत_आहे: गणपतीनंतर मांडला. तपकिरी आहे, बोटाने भुकटीसारखं निघतं, पाण्यात धूर होतो. खिडकीकडच्या काचेवर मात्र हिरवं. ऊन सकाळीच येतं. लाइट मुलं झोपेपर्यंत चालू. आणि एक सोनेरी सकर आहे आधीपासून, पण तो काच सोडून एंजलला चिकटतो.

मीनल_पुणे: हे आत्ता सांगताय?

जलचर: तो सकर नव्हे, चायनीज अल्गी ईटर. मोठा झाला की शेवाळ सोडून सपाट माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. एंजलच्या कुशीवर लाल किंवा पांढुरके डाग आहेत का बघा. त्याला आधी वेगळा काढा. तपकिरी ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकमध्ये येतात आणि बहुतेकदा आपोआप ओसरतात. हिरव्यासाठी ऊन अडवा, लाइट सहा-सात तासच, दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, खाद्य दोन मिनिटांत संपेल तेवढंच. रविवारी काही आणू नका.

घाईत_आहे: डाग आहेत, शेपटीजवळ. पडदा लावतो. सकर बादलीत काढलाय, पण दुकानदार परत घेत नाही. आणि रविवारी ओटो मिळाले तर दोनच आणू का?

जलचर: नाही.

कुर्ल्याचा_भाऊ: सोनेरीवाला मला द्या, माझ्याकडे एंजल नाहीत, सगळे दांडगे मासे आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बादलीत एअर पंप लावलाय ना?

घाईत_आहे: लावतो. व्यनि केलाय.