मदत हवी आहे: विझर्ड्री (१९८१) - चौथ्या मजल्यावर अख्खी पार्टी गारद, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी,

जुन्या कॉम्प्युटर गेम्समधले जाणकार इथे आहेत, म्हणून विचारतोय. 'विझर्ड्री: प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड' पुन्हा खेळायला घेतलाय. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ॲपल टू संगणकासाठी लिहिलेला आणि सर-टेक कंपनीने १९८१ मध्ये विक्रीला आणलेला गेम. सहा जणांची टोळी जमवायची, किल्ल्याखालच्या दहा मजली भुयारात उतरायचं आणि तळाशी बसलेल्या वर्डना नावाच्या मांत्रिकाकडून ताईत परत आणायचा. कथा एवढीच. स्क्रीनच्या कोपऱ्यात रेघांनी काढलेल्या भिंती, बाकी सगळा मजकूर.

कॉलेजात असताना हा पीसीवर खेळलो होतो. ती फ्लॉपी डॉसशिवाय थेट बूट व्हायची. मित्रांपैकी एक जण नकाशा काढायचा, दुसरा मंत्रांची स्पेलिंगं सांगायचा, कारण मंत्र टाइप करावा लागतो आणि एक अक्षर चुकलं की पाळी गेली. आता एकटाच आहे. ग्राफ पेपर आणि पेन्सिल घेऊन बसतो. नेटवर तयार नकाशे ढिगाने आहेत, ते बघायचे नाहीत एवढं ठरवलंय. त्यामुळे उत्तर देताना थेट 'अमुक घरावर जा' असं कृपया सांगू नका.

अडचण अशी. पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या पट्ट्यात चाचपडत जाऊन लिफ्ट सापडली. ती सरळ चौथ्या मजल्यावर नेते. तिथे एका दारामागे पहारेकऱ्यांची टोळी होती: लढवय्ये, जादूगार, प्रीस्ट (पुजारी) आणि एक निंजा. मी काटिनो हा मंत्र टाकून त्यांना झोपवायला गेलो, निम्मे जागेच राहिले, आणि त्यांच्या जादूगारांनी आधी हात चालवला. दोन फेऱ्यांत सहाही जण आडवे.

आता प्रश्न. एक म्हणजे, या सहा जणांना बाहेर काढायची खरी पद्धत काय? या गेममध्ये जुना सेव्ह लोड करणे हा प्रकारच नाही, जे घडेल ते लगेच डिस्कवर लिहिलं जातं. एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मागे जाता येतं हे माहीत आहे, पण मग हा गेम खेळायचा कशाला? मरणाची भीती हाच तर यातला सगळा जीव आहे. दार उघडताना तेव्हा हात थांबायचा, आजही थांबतो. नव्या गेम्समध्ये, चित्रं कितीही देखणी असोत, माझं असं होत नाही.

दुसरं म्हणजे नकाशा जुळत नाहीये. दुसऱ्या मजल्याच्या खालच्या एका मजल्यावर सरळ चालत गेलो तर बोळ वीस घरांच्या कागदाबाहेर जातो. एका चौकात उत्तरेला निघालो आणि थोड्या वेळाने भलत्याच दाराशी पोचलो. प्रत्येक मजला २० बाय २० चा आहे ना?

आणि जाता जाता, याच गेमची डिजिटल इक्लिप्स कंपनीने काढलेली नवी आवृत्ती कोणी खेळलंय का? घ्यावी का?

-----

भुयारी किडा:

तुमचे सहा जण कुठेही गेलेले नाहीत, जिथे पडले तिथेच आहेत. ट्रेनिंग ग्राउंड्समध्ये नवीन माणसं तयार करा, त्यांना घेऊन त्याच जागी जा आणि 'आय' दाबा, म्हणजे इन्स्पेक्ट. आसपास मृतदेह असतील तर दिसतील आणि उचलता येतील. पण टोळीत एकूण सहाच मावतात. सहा जणांना घेऊन गेलात तर आणणार कोणाला? तिघांनी गेलात तर तिघे आणाल, म्हणजे दोन खेपा.

मेख इथे आहे: पहारेकऱ्यांशी पुन्हा गाठ पडेल असं धरूनच उतरा. म्हणजे तिघंच जाऊन ती लढाई जिंकतील एवढे तगडे हवेत. एवढी तगडी टोळी झाली की जुनी टोळी लागते कशाला, हा प्रश्न उरतोच! मी तर जुन्यांना भावनेपोटीच आणतो. त्यांच्या अंगावरचं सामान मिळतं तो फायदा वेगळा.

वर आणल्यावर टेंपल ऑफ कँटमध्ये पैसे भरून जिवंत करायचं. दर माणसाच्या लेव्हलनुसार वाढतो. प्रयत्न फसला तर माणसाची राख होते, राखेवरचा प्रयत्नही फसला तर तो कायमचा गेला. पैसे परत मिळत नाहीत.

लढाईबद्दल: त्यांच्या जादूगारांचं तोंड बंद करा. प्रीस्टकडे मॉन्टिनो (गप्प करणारा मंत्र) आला की पहिल्याच फेरीत तो टाका. तुमच्या जादूगाराकडे माहालितो (आगीचा मंत्र) नसेल तर त्या दाराला हात लावू नका. लेव्हल वाढवायला पहिल्या मजल्यावर मर्फीज घोस्ट शोधा. त्यांना मारायला वेळ लागतो, पण ते फारसं लागेल असं मारत नाहीत आणि अनुभव भरपूर देतात. कुठे आहेत ते सांगत नाही, तुमचीच अट.

-----

रेघोट्या:

नकाशाचं मी सांगते. मजला २० बाय २० चाच आहे, पण कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत. पूर्वेच्या कडेला भिंत नसेल तर तिथून पुढे गेल्यावर त्याच मजल्याच्या पश्चिम कडेला निघता. म्हणून बोळ संपत नाही.

चौकातला घोळ म्हणजे स्पिनर. त्या घरात पाय ठेवला की गेम तुमचं तोंड गुपचूप दुसरीकडे फिरवतो. चारही बाजू सारख्या दिसत असतील तर कळतही नाही. याशिवाय न सांगता दुसरीकडे नेऊन टाकणारी घरंही आहेत.

उपाय एकच, डुमापिक. जादूगाराचा पहिल्याच लेव्हलचा मंत्र आहे. किल्ल्याच्या जिन्यापासून तुम्ही किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहात आणि तोंड कुठे आहे, हे सगळं सांगतो. पंचाईत अशी की काटिनोसुद्धा त्याच लेव्हलचा, आणि दोन्ही एकाच साठ्यातून खर्च होतात. म्हणून मी मोहीम दोन प्रकारची करते: नकाशाची वेगळी, लढाईची वेगळी. नकाशाच्या दिवशी लढाई दिसली की पळ काढायचा. कागदावर खोडरबर कमी चालवा, संशयाची घरं नुसती टिंब देऊन ठेवा.

मुक्कामाच्या सरायीत पैसे मोजून खोली घेऊ नका, वय वाढतं आणि म्हातारपणी अंगातली ताकद उतरते. तबेल्यात झोपणं फुकट आहे. जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत येतात. मग प्रीस्टकडून डिऑस टाकून जखमा भरायच्या आणि पुन्हा तबेल्यात. कंटाळवाणं आहे, पण सगळे हेच करतात.

-----

टिल्टोवेट:

नवी आवृत्ती मे २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आली. आत मूळ ॲपल टू चाच कोड चालतो आणि हवं तर तो जुना स्क्रीन कोपऱ्यात शेजारी दिसत राहतो. मला तर खेळापेक्षा तो कोपरा बघायलाच मजा आली. विनिफ्रेड फिलिप्स यांच्या संगीताला २०२५ मध्ये ग्रॅमीही मिळालं. पण त्यात नकाशा आपोआप तयार होतो. तुम्हाला ग्राफ पेपरच हवा असेल तर एम्युलेटर बरा.

आणि शुद्धतेचं एवढं मनावर घेऊ नका हो. त्या काळी टोळी मरतेय असं दिसलं की लोक फ्लॉपीच ड्राइव्हमधून ओढून काढायचे. तीही परंपराच!

अजून एक, हे स्पॉयलर वाटलं तर पुढचं वाक्य वाचू नका. त्या पहारेकऱ्यांमागे जी निळी फीत मिळते तिने दुसरी लिफ्ट चालते आणि ती थेट नवव्यापर्यंत जाते, म्हणजे पाच ते आठ हे मजले न बघताही गेम संपवता येतो.

-----

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. रेघोट्याताई, कडा जोडलेल्या आहेत हे कळल्यावर जुना कागद परत काढला, अर्धा नकाशा आपोआप सुटला. नवीन टोळी तयार केली आहे, मर्फीची भुतं शोधायला निघतोय. टिल्टोवेटभाऊ, वाक्य वाचलंच शेवटी.

एक शेवटचं: पेट्यांमध्ये मिळालेल्या अनोळखी वस्तू दुकानदार बोल्टॅककडून ओळखून घेणं परवडतं का?

-----

भुयारी किडा:

नाही. ओळखायचे तो जेवढे घेतो, तेवढ्यालाच ती वस्तू विकत घेतो. एक बिशप पहिल्यापासून टोळीत ठेवा, तो फुकट ओळखतो. फक्त एखादी शापित वस्तू त्याच्या अंगाला चिकटली तर ती सोडवायचे पैसे मात्र बोल्टॅकलाच द्यावे लागतात.