वॉर्डमधल्या 'बे'ला मराठीत काय म्हणावे?

अनुजा: ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या रचनेवरचा लेख मराठीत आणते आहे. नाइटिंगेल वॉर्डपर्यंत अडलं नाही. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींशी मिळून तीसेक खाटा, मधे उंच खिडक्या, सगळे रुग्ण परिचारिकेच्या नजरेत. १८७१ मध्ये उघडलेलं लंडनचं सेंट थॉमस याच पद्धतीचं. पुढे दालनात आडभिंती आल्या, चार-सहा खाटांचे भाग पडले. त्या एका भागाला तिथे 'बे' म्हणतात. मी 'कप्पा' लिहिलं, संपादकांनी 'उपकक्ष' केलं. मला तो फार कागदी वाटतो.

माधव_वाई: खण! आमच्या वाड्याचं माजघर पाच खणांचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि स्थापत्यातला 'बे' तरी दुसरं काय? 'खंड'चाच खण झाला असणार.

निनाद: मला तो 'खणणे'वरून वाटतो. खांब रोवायला आधी खणावंच लागतं.

शुभदा: व्युत्पत्ती काहीही असो, आज खण म्हणजे टेबलाचा नाहीतर चोळीचा. माझी आई सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. वॉर्ड, कॉट, राउंड, यापलीकडे कुणी काही बोलत नसे. 'बे'च ठेवा.

माधव_वाई: मग अनुवाद करायचाच कशाला? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

लीड्सकर: मी इथे वॉर्डातच काम करतो. 'बे' आणि 'साइड रूम', दिवसभर हेच कानावर. पण अनुजाताई, आडभिंती का आल्या तेही लेखात येऊ द्या. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटालेटमध्ये १९१० सालीच खाटा खिडकीच्या भिंतीला समांतर, छोट्या गटांत लावल्या होत्या. ब्रिटनमध्ये ते रुजलं १९४८ नंतर. त्याआधी वॉर्डातली खाट बहुतकरून गरिबांसाठी, बरेचदा धर्मादाय. ऐपतदार माणूस घरी नाहीतर खाजगी नर्सिंग होममध्ये उपचार घेई. त्या वर्षी सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) सर्वांना मोफत झाली आणि तोही त्याच दालनात आला. खाट आता हक्काची होती, त्यामुळे आडोसाही मागता येऊ लागला. नफिल्ड ट्रस्टने रुग्णालयांच्या रचनेवर केलेल्या १९५५ च्या अभ्यासाने लहान भागांची बाजू मांडली, १९६२ च्या सरकारी हॉस्पिटल प्लॅनने जिल्ह्याजिल्ह्यांत नवी रुग्णालयं बांधायचं ठरवलं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या पेंबरीच्या नव्या रुग्णालयात तर प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र खोली मिळाली.

शुभदा: स्वतंत्र खोलीत रात्री कोणी पडलं तर कळणार कसं? आई म्हणायची, दारात उभं राहिलं की अख्खा वॉर्ड दिसला पाहिजे.

लीड्सकर: तो वाद इथेही आहे. पण शेजारच्या खाटेवर माणूस जात असताना जेवणाचं ताट समोर येणं, हेही सोसवत नाही.

निनाद: तुम्ही सगळे 'खाट' लिहिताय. शासनाच्या कागदावर '३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय' असतं, नातेवाईक मात्र 'बेड आहे का' विचारतात. खाट म्हटलं की मला सुंभाची बाज आठवते.

माधव_वाई: बाज वेगळी, खाट वेगळी!

अनुजा: खण की उपकक्ष, एवढं सांगा. शनिवारी प्रत द्यायची आहे.

शुभदा: आमच्याकडे विदर्भात बाजेलाच खाट म्हणतात, माधवराव.