लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल नव्हे
पहिलं पिस्तूल घेणाऱ्याला 'खिशात मावेल असं सगळ्यात हलकं घ्या' असा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. गोळी तीच ९ मिमी, पण पिस्तूल हलकं झालं की धक्का जास्त बसतो. आखूड मुठीवर करंगळीला जागाच उरत नाही, पकड सैल पडते आणि मग सराव नकोसा होतो. नवशिक्याला ग्लॉक १९ सारखं मध्यम आकाराचं बरं. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानात, मात्र काटकसर नको, ट्रिगर पूर्ण झाकला गेलाच पाहिजे.

जुनं पिस्तूल घेताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, नळी सुटी करून उजेडात धरा. गंज, खड्डे, फुगवटा लगेच दिसतात. आणि विकताना कायदेशीर नोंद झाल्याशिवाय हत्यार हातातून सोडू नका, घेणारा कितीही ओळखीचा असला तरी.