मदत हवी आहे: सम्राट यानात नाही, हे कारकून बाईने कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

दूरच्या भविष्यातली एक लघुकादंबरी लिहितेय आणि ऐन कारस्थानात अडकलेय. गणित आणि राजकारण, दोन्हींत मुरलेल्यांनी जरा डोकं लावा.

राजधानी आपल्या सूर्याशी, बंडखोर सुभा टाऊ सेटी या ताऱ्यापाशी, मधे 11.9 प्रकाशवर्षं. प्रकाशापेक्षा वेगवान काहीही नाही, ना यान ना निरोप. सम्राट 0.9 प्रकाशवेगाने सुभ्याकडे निघाल्याची घोषणा होते. खरं तर प्रधानाने त्याचा काटा आधीच काढलाय. यान रिकामं आहे आणि फर्मानं राजधानीतूनच सुटताहेत. (राजाचं मरण लपवणं नवं नाही. 1566 मध्ये सुलतान सुलेमान मोहिमेवर वारला, तेव्हा वारस येईपर्यंत वजिराने सैन्याला पत्ता लागू दिला नव्हता.)

आता गंमत बघा. यानाला पोचायला 13.2 वर्षं, पण निघाल्याची बातमीच मुळी 11.9 वर्षांनी येते. म्हणजे सुभ्याला अख्खा प्रवास जेमतेम 16 महिन्यांत उरकलेला दिसणार. यानातल्या घड्याळात मात्र त्या प्रवासाला पावणेसहा वर्षं लागलेली. त्यामुळे तिथून महिन्याला एक निघणारं फर्मान इथे आठवड्याला एक येणार, आणि लहरींची वारंवारता 4.36 पट वाढलेली असणार. प्रधान हुशार आहे, ही दोन्ही सोंगं तो राजधानीत बसून बेमालूम वठवतो.

त्याला एकच गोष्ट जमत नाही: सुभ्याच्या प्रश्नाला उत्तर देणं. प्रश्न राजधानीत पोचायलाच 11.9 वर्षं. यान मात्र एव्हाना जवळ आलेलं असायला हवं. घोषणा ऐकताक्षणी सवाल धाडला, तर उत्तर साधारण 15 महिन्यांनी यावं, यान येऊन ठेपण्याच्या 25 दिवस आधी. संदेश कक्षातल्या माझ्या कारकून बाईकडे तेवढेच दिवस आहेत. कारण यान थांबणारच नाहीये. त्या वेगाला दर किलोमागे सुमारे 28 मेगाटन टीएनटीच्या स्फोटाइतकी ऊर्जा असते, वेगळं शस्त्र लागतंच कुठे! (शेवटच्या क्षणी यान थांबवणारं यंत्र मी कल्पनेतलं घेतलंय, तेवढी सूट द्या. नाहीतर वेग कमी होत नाही हे दुर्बिणीतच दिसेल.)

अडलंय ते सुभेदारापाशी. तो प्रधानाला फितूर आहे, पण यान आपल्याच डोक्यावर आदळणार हे त्यालाही ठाऊक नाही. बाई प्रश्न विचारून बसल्यात हे कळल्यावर तो सम्राटाच्या नावाने खोटं उत्तर तयार करवतो. ते बाराव्या महिन्यातच येतं, म्हणजे शक्यच नाही इतक्या लवकर, आणि बाईंना तिथेच शंका येते. मला हा दुवा आवडतो, पण इतक्या मुरब्बी माणसाकडून ही चूक पटेल का? की त्याच्या हाताखालच्या तंत्रज्ञाने ती मुद्दाम करावी? मग त्या तंत्रज्ञाला आधीपासून कथेत आणावं लागेल, आणि चाणाक्ष वाचक त्याला पहिल्या भेटीतच ओळखेल अशी धास्ती वाटते.

दुसरं, सुभेदाराला सत्य कधी कळू द्यावं? बाईंनी त्याच्यापुढे आकडेमोड ठेवावी आणि तो क्षणात पक्ष बदलावा, हे मला फार सोपं वाटतं.

आकडे चुकले असतील तर तेही सांगा. प्रकाशाहून वेगवान निरोपाचा तोडगा मात्र नको.