‘रुबातो’ला मराठीत काय म्हणावं? झोल, ओढ की उसनी लय?

पांढरी_चार
शोपँच्या ई मायनर पियानो कंचेर्तोच्या (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) तीन ध्वनिमुद्रणांची तुलना करणारा लेख मराठीत आणतोय. पियानोवर पोलिनी, कंडक्टर क्लेट्स्की (१९६०); पियानोवर आर्गेरिच, कंडक्टर अब्बादो (१९६८); आणि झिमरमन (१९९९, पियानोवर बसूनच वाद्यवृंद सांभाळलेला). सगळा लेख ‘रुबातो’ या एका शब्दावर उभा आहे, म्हणजे वाजवताना लय मुद्दाम जरा सैल, जरा घट्ट करणं. मी ‘लयीतली शिथिलता’ लिहिलं होतं. मुद्रितशोधनात त्याचं ‘लय ढिली पडणे’ झालं आणि अर्थ उलटाच झाला. मूळ लेखकानं जे कौतुक केलंय ते मराठीत झिमरमनचा दोष म्हणून वाचलं जातंय. ‘रुबातो’ तसाच ठेवला तर तळटीप लागेल, आणि तळटीप चालणार नाही असं आधीच सांगितलंय. काय लिहावं?

ठेकेदार
झोल. तबलजी ‘ठेक्याला झोल आहे’ म्हणतात ते दोष म्हणून नव्हे. मात्रा तेवढ्याच, सम जागेवर, पण मधले बोल किंचित मागेपुढे झुलतात. केरवा, दीपचंदीत हे कान देऊन ऐका. दोरीला झोल असतो तसाच: दोन्ही टोकं खुंट्यांना बांधलेली, मधली दोरी खाली आलेली.

कोशकीटक
आणि वाचक ‘झिमरमनच्या वादनात झोल आहे’ हे वाचून काय समजेल? वर्तमानपत्रात झोल म्हणजे घोटाळा. भांडारात झोल, निविदेत झोल. ‘लयस्वातंत्र्य’ वापरा.

ठेकेदार
‘लयस्वातंत्र्य’ शासन निर्णयात शोभेल. शिवाय तेंपो रुबातो म्हणजे इटालियनमध्ये ‘चोरलेला वेळ’. घोटाळ्याचा अर्थ डोक्यात आला तरी फार बिघडत नाही, उलट मुळाच्या जवळच जातो.

काळी_दोन
चोरी म्हणण्यापेक्षा उसनवारी म्हणा. इथे दोन स्वर लांबवले, पुढे चार घाईनं घेऊन हिशेब पुरा केला. शेजारून वाटीभर साखर आणावी तसं. ‘उसनी लय’.

मंद्र_पंचम
परतफेडीचा हा हिशेब पियानोवादक पादेरेव्स्कीनंच अमान्य केला होता. त्याचं म्हणणं, गेलेला वेळ गेला, तो परत करायचं बंधन नाही. त्यामुळे ‘उसनी’ हा शब्द एका पक्षाची बाजू घेतो.

मूळ अडचण वेगळी आहे. रुबातो या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात.

एक: साथ करणारा हात ठोक्याला पक्का, गाणारा हात मोकळा. शोपँचा शिष्य मिकुली यानं शोपँच्या वाजवण्याबद्दल हेच लिहून ठेवलंय. उजव्या हाताचा स्वर डाव्याच्या नंतर पडतो. पियानोवादक कोर्तोचं शोपँच्या एफ मायनर कंचेर्तोचं मुद्रण (कंडक्टर बार्बिरोलीबरोबर, १९३५) ऐका. दोन हात एकत्र पडायला हवेत अशा जागी ते पडत नाहीत, आणि ती चूक नाही.

दोन: दोन्ही हात, आणि कंचेर्तो असेल तर सगळा वाद्यवृंदही, एकत्रच सैलावतो आणि आवळतो. झिमरमनचं १९९९ चं मुद्रण हे याचं टोक. पियानो यायच्या आधीचा वाद्यवृंदाचा लांबलचक भागसुद्धा तो वाक्यागणिक ओढून घेतो. शोपँच्या दीडशेव्या स्मृतिवर्षासाठी खास जमवलेला वाद्यवृंद होता म्हणून हे जमलं. एरवी पाहुणा कंडक्टर आणि मोजक्या तालमी असतील तर साठ माणसं इतकी वाकत नाहीत. मग वाद्यवृंद सरळ, पियानो तिरका, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सांधा उघडा पडतो.

पहिल्याला ‘झोल’ चपखल आहे, कारण खुंट्या जागेवर आहेत. दुसऱ्याला ‘ओढ’ म्हणा. त्यात खुंट्याच सरकतात.

काळी_दोन
सांधा उघडा का पडतो तेही सांगायला हवं. शोपँ उजव्या हाताला बारीक छापाच्या स्वरांची लांब माळ देतो, एका ठोक्यात अकरा, कधी त्याहून जास्त. कंडक्टर मनात ठोके मोजत बसला तर हात खाली येतो तेव्हा पियानोवाल्याचे तीनचार स्वर अजून उरलेले असतात. माळेचा शेवटचा स्वर कानात पकडून मगच पुढचा ठोका द्यायचा असतो. वाट पाहणं जास्त झालं की तंतुवाद्यं उशिरा येतात आणि ओढ मेलेली वाटते.

विलंबित_एकताल
ओढीचं सर्वांत मोठं उदाहरण पियानोवादक रिख्तर. राखमानिनोव्हचा दुसरा कंचेर्तो, १९५९, वॉर्सा, कंडक्टर विस्लोत्स्की. सुरुवातीचे घंटेसारखे स्वरसमूह काय ताणलेत!

मंद्र_पंचम
ती ओढ नव्हे, ठाय लय आहे. स्वरलेखनात अर्ध्या स्वराला मिनिटाला ६६ ठोके दिलेत. या सुरुवातीच्या शेवटच्या दोन बारांत (बार म्हणजे स्वरलेखनातल्या दोन उभ्या रेघांमधला खंड, इथे दोन ठोक्यांचा) वादक थांबतात, म्हणून पहिले सहाच बार मोजा: बारा ठोके, म्हणजे १०.९ सेकंद. रिख्तरला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, पण तो एकसारखाच संथ चालतो. लय कमी असणं वेगळं आणि लय वाकणं वेगळं. खुद्द राखमानिनोव्हचं कंडक्टर स्टोकोव्स्कीबरोबरचं १९२९ चं मुद्रण उलट आहे: चाल झपाझप, पहिला भाग दहा मिनिटांच्या आत, आणि आतल्या आत वाकणं रिख्तरपेक्षा जास्त.

एप्रिल १९६२ चा, पियानोवादक गूल्ड आणि कंडक्टर बर्नस्टाइन यांनी वाजवलेला ब्राम्सचा कंचेर्तोही लोक रुबातोत ढकलतात. वादनाआधी बर्नस्टाइननं मतभेद श्रोत्यांना जाहीर सांगितला, तो प्रामुख्यानं लय किती ठाय असावी यावरचा होता.

तबकडी
१९२९ च्या मुद्रणाची मिनिटं मोजताना जपून. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या सगळ्या ७८ वरच कापलेल्या नसत. ७६ वर कापलेली ७८ वर फिरवली तर वेग २.६ टक्के वाढतो, स्वर जवळजवळ अर्धा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर) चढतो, आणि दहा मिनिटांचा भाग पंधरा सेकंद लवकर संपतो. म्हणून आधी पियानोचा सूर तपासायचा, मग लयीवर बोलायचं. संगणकावर ‘सूर न बदलता वेग बदला’ हा पर्याय अशा कामात वापरू नका. सूर आणि वेग एकत्रच सुधारायला हवेत.

रुबातो मात्र यातून सुटतो. तबकडी जोरात फिरली तरी लांब स्वर आणि आखूड स्वर यांचं प्रमाण तेच राहतं. तेव्हा जुन्या मुद्रणांची तुलना ओढीवर करा, मिनिटांवर नको.

आणखी एक. बारा इंची तबकडीची एक बाजू साधारण साडेचार मिनिटांची. बाजू संपताना वादक जरा सैल होऊन थांबतात. पुढे बाजू जोडून लांब तबकडीवर (एलपीवर) घेतल्या की ते थांबणं मधेच ऐकू येतं आणि ऐकणारा म्हणतो, ‘वा, काय रुबातो!’ संशय आला तर बाजू कुठे बदलते ते आधी पाहावं.

कोशकीटक
तुम्ही सगळे ‘मुद्रण’ म्हणताय ते छपाईसारखं वाटतं. क्रिया ती ध्वनिमुद्रण, वस्तू ती ध्वनिमुद्रिका. ‘१९२९ चं मुद्रण’ हे धड ना हे ना ते.

ठेकेदार
आणि सीडी, फाइल? तीही मुद्रिकाच का? बोलताना सगळे ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात.

काळी_दोन
मला ‘वाद्यवृंद’ जास्त खुपतो. डोळ्यांपुढे गणपतीतला मंच आणि जुनी चित्रपटगीतं येतात. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं तरी तेच, त्यामुळे सुटका नाही. आणि ते ‘कंचेर्तो’ की ‘कॉन्चेर्टो’?

कोशकीटक
इटालियनमध्ये त मऊ आहे. कंचेर्तो, रुबातो. मग ‘पियानो’ इटालियन आणि ‘कॉन्चेर्टो’ इंग्रजी वळणाचं का?

पांढरी_चार
आभार. आर्गेरिचचं कुठे बसवू? तिथे दोन्ही हात एकत्रच पडतात, वाद्यवृंदही बरोबर असतो, पण चढत्या माळांत ती पुढे झेपावते. झोलही नाही, ओढही नाही.

ठेकेदार
ती ‘घाई’ नव्हे, हे नक्की. ‘धाव’ म्हणून पाहा.

मंद्र_पंचम
‘धाव’ला आपल्याकडे तिहाईकडे पळणाऱ्याचा वास आहे. ‘झेप’? पण मग लेखात तीन शब्द झाले आणि मूळ लेखकाचा एकच आहे.

विलंबित_एकताल
रिख्तर ठाय लय, हे मला अजून पटलेलं नाही. दुसरा भाग ऐकून सांगा.